उंबऱ्यात आडवी

लोकरीचा जाड नमदा कापताना सुरी एकदाच चालवायची, असं राइकानचं म्हणणं होतं. खाली काळा नमदा, वर पांढरा, दोन्ही कडेनं घट्ट टाचलेले, आणि वरच्यावर खडूनं काढलेली मेंढ्याच्या शिंगांची नक्षी. सुरी दोन्हींतून एका दमात गेली की दोन शिंगं सुटायची. काळं शिंग पांढऱ्याच्या भोकात बसवायचं, पांढरं काळ्याच्या. एकाची जागा दुसरं घेतं आणि लोकरीचा तुकडासुद्धा वाया जात नाही.

त्या दिवशी आई आणि मुलगी अंगणात बसल्या होत्या. मेंढ्या वरच्या कुरणांतून खाली आल्या होत्या, चिनारांची पानं पिवळी पडली होती. बेगायिमला अठरावं लागलं होतं. ती नमद्याचं टोक ताणून धरत होती आणि बोलत होती.

"खालच्या गावातली ती मुलगी. उचलून नेली आणि बसली तिथेच. दुपारपर्यंत डोक्यावर लग्नाचा रुमाल. तुझ्यासारखीच."

राइकानची सुरी थांबली नाही.

तिची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. वीसेक वर्षांपूर्वी तिलाही याच घरात घोड्यावर आडवी टाकून आणलं होतं. ती रडली, ओरडली, दाराकडे धावली. तेव्हा तिची होणारी सासू उंबऱ्यात आडवी निजली. वडीलधाऱ्या बाईला ओलांडून जी मुलगी बाहेर पडते तिला शाप लागतो, पहिला बर्फ पडायच्या आत तिला माती घेते, असं या खोऱ्यात मानतात. राइकान दारातून मागे फिरली होती.

"दार उघडं होतं ना?" बेगायिम म्हणाली.

"होतं."

"कोणी धरून ठेवलं होतं?"

"नाही."

"मग? एक म्हातारी. एक पाऊल."

"एक पाऊल," राइकान म्हणाली. "नीट ताण, चुण्या पडतायत."

"मी असते तर ओलांडलं असतं."

राइकाननं मान वर केली. बेगायिमला वाटलं, आता रागावेल. पण आईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "तू ओलांडलं असतंस," ती म्हणाली. "तू माझ्यावर गेली नाहीस, शिंगरा. देवाची कृपा."

घरातली चहापत्ती संपली होती. बेगायिम दुकानात जायला उठली, तेव्हा एकच शिंग कापून झालं होतं आणि दुसरं अर्धवट लोंबत होतं.

"मीठ पण आण," आई मागून ओरडली. "आणि डोक्याला काहीतरी गुंडाळ, वारा सुटलाय!"

तिनं गुंडाळलं नाही.

*

मीठ घेऊन ती परत निघाली, तेव्हा पुलापाशी एक हिरवी जीप उभी होती. जीपला टेकून मेदेर उभा होता. शाळेत तो तिच्यापुढे दोन वर्ग होता; फळ्यापाशी बोलावलं की त्याचे कान लाल व्हायचे. आत्ताही लाल होते.

"बेगायिम, एक मिनिट," तो म्हणाला.

"मीठ पोचवायचंय," ती म्हणाली. तेवढ्यात मागून त्याच्या मित्रांनी तिचे हात धरले.

मिठाची पुडी पुलावर फुटली. जीपमध्ये तिनं चावे घेतले, ओरबाडलं, शिव्या दिल्या. एका मुलाच्या मनगटातून रक्त आलं, तर तो हसून म्हणाला, "दात चांगले आहेत रे, मेदेर. म्हातारपणी पण मांस खाईल!" मेदेर हसला नाही. तो गाडी चालवत होता, आणि जीप घळीच्या तोंडाकडे वळली तेव्हा बेगायिमला कळलं की आपल्याला कोणत्या घरी नेतायत. 

ते घर उल्कानचं होतं. मेदेरच्या आजीचं. तिच्या घराजवळ कोणी मेंढ्या चारत नसे. बाकीच्या घरांत म्हातारी उंबऱ्यात निजायची ती रीत म्हणून. उल्कान निजायची तेव्हा ओलांडणारं माणूस खरंच मरायचं, असं लोक म्हणत. म्हणत आणि लगेच दुसरा विषय काढत.

"मेदेर," तिनं हळूच विचारलं, "तुला ठाऊक आहे ना ती काय करते?"

"तू बस नुसती," तो म्हणाला.  "उठू नकोस. बसलीस तर काही होत नाही. माझ्या तीन वहिन्या बसल्या. जिवंत आहेत."

*

जिवंत होत्या. तिघी दारातच हसत उभ्या होत्या. त्यांनी तिला कोपऱ्यातल्या पडद्याआड नेलं, गादीवर बसवलं, पुढ्यात तळलेले पिठाचे बोरसोक आणि दुधाचा चहा ठेवला. थोरली जाड, धाकटी जेमतेम विशीची, मधली बातमा, हाडकुळी, हातावर भाजल्याचा डाग.

"रडून घे," थोरली म्हणाली.

"आम्ही पण रडलो होतो," धाकटी म्हणाली.

"मग सवय होते," बातमा म्हणाली.

बेगायिमनं दचकून एकीकडून दुसरीकडे पाहिलं. तोंडं तीन होती, आवाज एकच होता. कोरडा, म्हातारा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी किंचित शिट्टी वाजणारा, पुढचे दात नसलेल्या बाईचा. धाकटीच्या गुबगुबीत गालांतून तो आवाज येताना पाहून ती मागे सरकली.

मग पडदा बाजूला झाला आणि तोच आवाज त्याच्या खऱ्या तोंडातून आला. "चहा पी, गार होतोय."

उल्कान उन्हात वाळवलेल्या दह्याच्या गोळीसारखी होती. बारकी, पांढरट, टणक. हातात एक पांढरा रुमाल होता. जुना, पिवळट. विणीत केस गुंतलेले दिसत होते, काळे, तपकिरी, एक लालसर, कितीतरी बायकांचे.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. "या घरात जबरदस्ती नाही. रुमाल मी कुणाच्या डोक्यावर लादत नाही. मान ज्याची त्यानं झुकवायची. आणि दार बघ, उघडं आहे. कडी नाही, कुलूप नाही. उन्हं उंबऱ्यावरून उतरेपर्यंत उघडंच राहील. उद्या."

"आणि मी मान झुकवली नाही तर?"

"मग जायचं. आम्ही काय राक्षस आहोत?"

म्हातारी रुमाल थोरलीकडे देऊन दारापाशी गेली, गुडघ्यांवर हात ठेवून कण्हत खाली बसली आणि उंबऱ्यात आडवी झाली. तोंड घराच्या आत, पाठ बाहेरच्या डोंगराकडे. डोळे उघडे.

उघड्या दारातून समोरचा उतार दिसत होता. उतारावर दगडांचा एक लहान ढीग होता, कबर असते तसा. त्याच्याकडे पाहू नये म्हणून बेगायिमनं मान फिरवली.

"ती गुलसून," तिन्ही वहिन्या एका आवाजात म्हणाल्या. "ओलांडून गेली होती. पायांपासून गार होत गेली. पहिला बर्फ पडला त्या सकाळी मेली. फार देखणी होती."

रात्र बसूनच गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोनदा उठली. पहिल्यांदा पडद्यापर्यंत. दुसऱ्यांदा दारापर्यंत, म्हातारीच्या अगदी जवळ. एक म्हातारी. एक पाऊल. अंगणात तीच थंड हवा होती जी आईच्या अंगणात असते, तोच शेणाच्या गोवऱ्यांचा वास. तिनं पायाला सांगितलं, उचल. पाय उचलला नाही. जमिनीत पुरल्यासारखा तो तिथेच राहिला. उल्कान खालून तिच्याकडे पाहत होती, ओळखीचं काहीतरी पाहिल्यासारखी.

"थंडी वाजेल, आत बस," म्हातारी मायेनं म्हणाली. आणि ते मायेनं म्हणणंच सगळ्यांत भीतीचं होतं.

बेगायिम परत येऊन बसली. दुपार कलली. बातमा चहा ओतायला वाकली आणि तिच्या तोंडातून, कपात चहा पडण्याच्या आवाजाखाली, दुसराच आवाज आला. बारीक, तरुण, बऱ्याच वर्षांत न वापरलेला.

"जा."

बेगायिमनं तिचा हात धरला. "काय म्हणालीस?"

बातमाचे ओठ थरथरले. मग शिट्टी वाजली. "साखर हवी का म्हटलं," म्हातारीचा आवाज म्हणाला.

ऊन उंबऱ्याच्या कडेवर आलं होतं. थोरलीनं पडदा ओढून घेतला आणि रुमाल उलगडला. त्यातून जुन्या तेलकट केसांचा वास आला. बेगायिमला आठवलं, आईनं सांगितलं होतं डोक्याला काहीतरी गुंडाळ. तिच्या मनात दुसरं काहीच उरलं नव्हतं, ना शौर्य, ना राग. आपा ये, एवढंच ती आईला मनातल्या मनात म्हणत होती, लहानपणी ताप आल्यावर म्हणायची तसं. आपा ये. आणि आपा येत नव्हती, कारण मुलीला न्यायला आईनं यायचंच नसतं, तशी रीतच नाही.

तिनं डोळे मिटले आणि मान झुकवली.

तेवढ्यात अंगणात घोडा फुरफुरला.

*

"कोण आहे?" उल्कान उंबऱ्यातून म्हणाली. तिनं मान वळवली नाही. तिची पाठ दाराबाहेर होती आणि ती तशीच ठेवायची तिला सवय होती.

"राइकान. मुलीची आई."

थोरलीचा हात रुमालासकट हवेत थांबला. पडद्याआडून बेगायिमला काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

"अगंबाई," उल्कान म्हणाली. "आई स्वतः? नवरा कुठाय तुझा?"

"घरी आहे. म्हणाला, आता काय उपयोग, एव्हाना रुमाल बांधला असेल. मी त्याचा घोडा आणलाय."

"लाज सोडलीस वाटतं. आणि तू तर गुणी सून निघालीस असं ऐकलं होतं. तुझ्या सासूपुढे पाय उचलला नव्हतास म्हणे."

"नव्हता उचलला," राइकान म्हणाली. "घाबरले होते."

"मग मुलीला पण शहाणपण शिकव. बाहेरून हाक मार हवं तर. ती आली, तर मला ओलांडून येईल. काय होतं ते तुला ठाऊक आहे."

 मग चामड्याचा आवाज आला, एकदा, आणि पुन्हा एकदा. राइकान बूट काढत होती. दुसऱ्याच्या घरात शिरताना काढतात तसे, जोडीनं नीट कडेला ठेवत होती.

"काय करतेस?" उल्कान म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज उंच चढला. "राइकान. ए. काय करतेस?"

लोकरी मोजा जमिनीवर टेकल्याचा मऊ आवाज आला. आतल्या बाजूला.

तिन्ही वहिन्यांच्या तोंडून एकाच वेळी श्वास सुटला, आणि ते श्वास तीन वेगवेगळ्या बायकांचे होते. थोरलीच्या हातातून रुमाल गळून पडला.

"वेडे!" म्हातारी किंचाळली. "मूर्ख बाई! बाहेर जाताना ओलांडतात! बाहेर जाताना!"

"मी आत येताना ओलांडलं," राइकान म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता. "इतकी वर्षं तू आत तोंड करून निजलीस, मोठी आपा. बाहेरून कोणी येईल असं तुझ्या मनातच आलं नाही. माझी सासू मरताना मला सांगून गेली. एका लग्नाला एकच शाप असतो. तो मी घेतला. आता मुलीला द्यायला तुझ्याकडे काही नाही." मग ती पडद्याकडे वळून म्हणाली, "शिंगरा, चल. बूट घाल."

बेगायिम पडद्याबाहेर आली. आई दाराच्या आत उभी होती, नुसत्या मोज्यांवर, केस वाऱ्यानं विस्कटलेले, हातात चाबूक. एवढीशी दिसत होती. बेगायिमला वाटलं तिच्या गळ्यात पडावं, पण आईनं दाराकडे बोट दाखवलं. आधी मुलगी गेली, मग आई. खाली उल्कान डोळे मिटून पडली होती, रिकाम्या पोत्यासारखी. अंगणात मेदेर कान लाल करून उभा होता आणि त्यानंच घोड्याचा लगाम धरून दिला.

*

दोघी एकाच घोड्यावर होत्या, बेगायिम पुढे, आई मागे. घळ संपून नदी दिसायला लागली, तेव्हा राइकान हसली.

"काय झालं?" बेगायिमनं विचारलं.

"मी घोडा पळवत होते ना, तेव्हा एकच धास्ती होती. ती मरणाची नव्हती, त्याची धास्ती नंतर. तू माझ्याआधी ओलांडशील याची. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. मी अजून थोडं उशिरा आले असते तर तू ओलांडून मोकळी झाली असतीस. हो ना?"

बेगायिमच्या नाकात अजून रुमालाचा तो तेलकट वास होता. तिनं तोंड उघडलं. आईचा हात तिच्या पोटाभोवती होता, घट्ट, उबदार.

ती काही बोलली नाही.

"हो ना," राइकान स्वतःशीच म्हणाली, आणि तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली. "पुलावर सगळं मीठ सांडलंस. नवं घ्यावं लागेल."

*

गारवा ओलांडलेल्या पायाच्या अंगठ्यापासून सुरू झाला. राइकाननं आधी सांगितलं नाही. मग चूल पेटवताना निखारा पायावर पडला आणि तिला कळलंच नाही, तेव्हा बेगायिमनं पाहिलं. पाऊल नदीतल्या गोट्यासारखं झालं होतं. त्यानंतर गारवा वर चढत गेला, घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. बेगायिमचे वडील बेक्तुर रोज सकाळी अंगणात जाऊन आकाशाकडे बघत उभे राहायचे.  एकदा त्यांनी बायकोच्या पायाशी बसून तो पाय आपल्या छातीशी धरला, कोकराला ऊब देतात तसा.

"सोड, म्हाताऱ्या, तुला सर्दी होईल," राइकान म्हणाली.

ती बसून शिवत राहिली. अर्धवट राहिलेली नक्षी तिनं पूर्ण कापली, काळी शिंगं पांढऱ्यात बसवली, पांढरी काळ्यात, आणि जोडावरून दुहेरी दोरा कसा घालायचा ते मुलीला शिकवलं. हात गार व्हायच्या आत सगळं शिकवायचं होतं तिला. बेगायिम रोज ठरवायची, आज सांगू. आई सुईत दोरा ओवायला डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "शेजारणीला काल सांगितलं मी. म्हटलं, माझी पोरगी बसून राहिली नसती." तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी असं काही असायचं की बेगायिम सुई हातात घेऊन गप्प शिवत राहायची. तिच्याजवळ आईला द्यायला तेवढंच होतं.

एका सकाळी वडील अंगणातून आत आले तेव्हा त्यांच्या टोपीवर पांढरे कण होते. त्यांनी ते झटकले नाहीत. बेगायिम आईच्या अंथरुणाकडे धावली. राइकानच्या हातात सुई होती आणि सुईत दोरा होता.

*

रिवाजाप्रमाणे अंगणात नमद्याचा तंबू उभारला. उजव्या बाजूला, पडद्यामागे राइकानला निजवलं, आणि बायका तिच्याजवळ भिंतीकडे तोंड करून, दाराकडे पाठ करून बसल्या. बाहेर पुरुष येत होते, काठीवर रेलून आक्रोश करत होते. आत बायका गाऊन रडत होत्या. मेलेल्या माणसाचे गुण आळवून मोठ्यानं सांगायचे असतात, लेकीनं सगळ्यांत मोठ्यानं. पण बेगायिमच्या तोंडून आवाज फुटत नव्हता. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"आवाज काढ गं," शेजारीण कुजबुजली. "लोक काय म्हणतील? थांब, मी सुरुवात करते."

तिनं डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं डोळे टिपले आणि सूर लावला. तिनं राइकानच्या हातचे नमदे आळवले, तिचा चहा आळवला, तिची माया आळवली. घळीतल्या घराचं नाव कोणी घेणार नव्हतं. आईनं मुलीला परत आणलं, ही गोष्ट गावानं मनातल्या मनात पुरून टाकली होती. शेजारीण गात राहिली, आणि मग तिच्या तोंडी चांगल्या सुनेसाठी नेहमी येते ती ओळ आली.

"वडीलधाऱ्यांपुढे नमली गं माझी राइकान, कधी कुणाला ओलांडलं नाही गं..."

मागे दाराशी कोणीतरी येऊन बसलं. बारीक, तरुण, बऱ्याच वर्षांत न वापरलेल्या आवाजात ती बाई रडायला लागली. बेगायिमनं वळून पाहिलं. हाडकुळा हात, त्यावर भाजल्याचा डाग. डोकं उघडं.

"ओलांडलं," बेगायिम म्हणाली.

गाणं थांबलं.

"काय?" शेजारीण म्हणाली.

"तिनं ओलांडलं. उल्कानला. सगळ्यांना ठाऊक आहे." ती भिंतीकडे तोंड करून बोलत नव्हती. ती पडद्याकडे वळली होती, आई होती तिकडे. तिचा आवाज आधी फाटला, मग सरळ झाला, तंबूबाहेरचे पुरुषही गप्प झाले एवढा.

"आणि मी ओलांडलं नसतं. ऐकतेस, आपा? तू घोड्यावर विचारलंस, मी बोलले नाही. मी दारापर्यंत गेले होते. माझा पाय उचलला नाही. तू आलीस तेव्हा पडद्याआड माझी मान खाली होती, रुमाल डोक्यावर यायला चार बोटं उरली होती. मी शूर नव्हते. मी तुझ्यावरच गेलेय. मी तिथे बसून एकच करत होते, आपा. तुझी वाट बघत होते. तू येशील म्हणून वाट बघत होते."